अर्काचे वाटे

ज्याचा कागद उघडावा, त्याचं उतरलेलं. नानासोचं उतरलं, बयाबाईचं उतरलं, पलटणीतून पेन्शनवर आलेल्या लालासाहेब हवालदारांचं तर चांगलंच उतरलं. रक्तातली चरबी, म्हणजे डॉक्टर मंडळी जिला कोलेस्टेरॉल म्हणतात ती, गावानं ठरवून खाली आणावी तशी खाली आली होती. तालमीसमोर जमलेल्या लोकांनी हे ऐकलं आणि एकच गलका केला. आपल्या पोराच्या हाताला यश आलं म्हणून कुणी नारळ आणायला धावलं, कुणी हलगीवाल्याला हाक मारली.

आणि ज्याच्या हाताला यश आलं, तो भाऊसो डॉक्टर तोंड पाडून पायरीवर बसला. उरलेले दोन-चार कागद त्यानं न बघताच मांडीखाली सारले.

आष्ट्याजवळच्या त्या गावातला तो पहिला डॉक्टर. त्याचे वडील नाथाजी चौऱ्याहत्तर साली भर उसात छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून भाऊसोनं ध्यासच घेतला. मिरजेला पुढचं शिकता शिकता त्यानं अर्जुनसादड्याच्या सालीचा अर्क काढला आणि तो लागू पडतो का हे बघायला आपलंच गाव निवडलं. दिवाळी झाल्यावर जाणत्या मंडळींचं रक्त तपासलं, उन्हाळा लागेपर्यंत दर महिन्याला येऊन बाटल्या वाटल्या आणि मग रक्त पुन्हा तपासलं. हिरव्या बुचाच्या बाटलीत अर्क, तांबड्या बुचाच्या बाटलीत नुसतं काताचं पाणी. रंग तोच, तुरटपणाही तोच. हिरव्या बुचवाल्यांचं उतरलं आणि तांबड्यावाल्यांचं जागेवर राहिलं, तर अर्क खरा. "निम्म्या बाटल्यांत औषध नाही, पण कुणाच्या ते सांगणार नाही," हेही त्यानं सरळ मनानं सांगून टाकलं होतं. सरळपणा कधी कधी असा नडतो.

"तोंड कशापायी पाडलंस रं?" लालासाहेबांनी विचारलं.

"काका, तुमची बाटली तांबड्या बुचाची. औषधाचा थेंब तुमच्या पोटात गेला नाही, तरी तुमचं उतरलं. मग माझ्या अर्काचं कौतुक ते काय? थंडी सरली, हवा बदलली, म्हणून उतरलं. मिरजेचे सर हेच म्हणणार. सगळी मेहनत वाया गेली."

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. बयाबाईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावेना. लालासाहेब मात्र साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ झाले.

"भाऊसो, आता लपवत न्हाई. तू यष्टीत बसलास, आन आमी समद्या बाटल्या पितळी घागरीत वतल्या. ढवळल्या, परत भरल्या आन वाटे केले. जत्रंच्या बोकडाचं करतो तसं. म्या पाठ फिरवून नावं घ्येतली, नानासोनं बाटलीवर बोट ठेवलं. दर बारीला आसंच. एकाला मटान आन एकाला नुस्तं पाणी, ही काय आपल्या गावाची रीत हाय व्हय?"

भाऊसोनं कपाळावर हात मारून घेतला. रागवावं तर माणसं मायेची, हसावं तर काम बुडालेलं. म्हणजे सगळ्यांनीच निम्मं औषध आणि निम्मं पाणी घेतलं होतं. आता अर्कानं उतरलं की हवेनं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. ताडून बघायला औषध न घेतलेला एक तरी माणूस हवा होता, आणि या वाटेकऱ्यांत तो कुठून मिळणार?

तेवढ्यात मागून गुंडातात्या वाट काढत पुढे आला. जेवणाच्या पंगतीत हा गडी पहिला आणि कडू-तुरटाच्या बाबतीत शेवटचा, हे गावाला ठाऊक होतं.

"भाऊसो, माजं बी सांग की गड्या. पर आदीच सांगतो, म्या न्हाई प्यालो. पयला घोट घ्येतला आन जीभच आखडली. तवापास्नं माजा वाटा परसात वतत हुतो."

"आमी नाक दाबून पीत हुतो, आन तू रं?" नानासो त्याच्या अंगावर धावून गेला.

भाऊसोनं मांडीखालचे कागद उपसले. बाकीच्यांचं उतरलेलंच होतं; शेवटी गुंडातात्याचा कागद सापडला. जुना आकडा बघितला, नवा बघितला. तसूभरही उतरलं नव्हतं. उलट जरा चढलंच होतं. काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं, सरांची बोलणीही खावी लागणार होती, पण ते पुढचं पुढे. त्यानं पायरीवरून उडी मारली आणि गुंडातात्याला कडकडून मिठी घातली. मिरजेची शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली.

"तात्या, गावात एकटे तुमीच न्हाई प्यालासा, आन एकट्या तुमचंच न्हाई उतरलं! आवं, खरं हाय माजं औषध, निम्मं पाणी घालून बी खरं हाय!"