नुसतं ‘अप्रतिम’

कुसुमताईंनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे चोळले. फोटोग्राफीच्या ग्रुपवर आज पुन्हा बगळे, सूर्यास्त आणि दवबिंदूंची रास पडली होती. एकेक फोटो निरखून त्या सविस्तर लिहायच्या, क्षितिज कुठं कललंय, उजेड कुठं फटफटीत झालाय. उत्तरादाखल यायचे नुसते जोडलेले हात. काल तर एकानं सुनावलंच, “आम्ही हौशी माणसं. तुमची मास्तरकी कशाला?”

मरू दे, आपण तरी का डोकं शिणवायचं? म्हणून हवालदार घोरपड्यांच्या बगळ्याखाली त्यांनीही इतरांसारखं ‘अप्रतिम!’ ठोकून दिलं आणि फोन बाजूला ठेवला.

तो लगेच वाजला.

“ताई, घोरपडे बोलतोय, गडहिंग्लजवरनं. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे की. का हो?”

“नाही, तुम्ही नुसतंच अप्रतिम लिहिलंत. काळजी वाटली.”

ताईंनी चष्मा नाकावर ओढून तो फोटो पुन्हा उघडला.

“अहो, बगळा पार कडेला चिकटवलात. पुढं उडायला जागा नको त्याला?”

पलीकडे घोरपड्यांचा जीव भांड्यात पडला.

“थांबा हं ताई, लिहून घेतो.”