पायऱ्या नकोत

किल्ल्यांचा जुडगा गालावर बसला आणि तिच्या तोंडात रक्ताची चव आली. चहा गार झाला होता, एवढंच कारण. काल शर्टाची गुंडी तुटली होती. परवा तर कारणही नव्हतं.

"आता काय करायचं, माहीत आहे ना?" नवरा म्हणाला.

"अहो, मारा हवं तर. पण पायऱ्या नकोत. पाया पडते तुमच्या."

ती खरोखरच त्याच्या पाया पडली. त्याने तिला केसांना धरून उठवलं आणि जिन्याकडे ढकललं.

"पायऱ्याच. दहा फेऱ्या."

नवऱ्याचा धंदा कुलपांचा. याने बसवलेलं कुलूप चोराच्या बापाला उघडायचं नाही, असं लोक म्हणत. दिवसा दुकानात जाताना तो स्वतःच्या घरालाही बाहेरून कुलूप घाली. संध्याकाळी तो घरात असला की मात्र दार सताड उघडं. वर्षापूर्वी एकदा ती त्या दारातून निघून जाणार होती. त्याने तिला जिन्यातच गाठलं आणि सातव्या पायरीवरून खाली लोटलं. उजवा गुडघा फुटला. तेव्हापासून तो मित्रांना सांगे, "मी घरात असलो की कुलूप लागत नाही. बायकोचा गुडघा पुरतो." आणि ते मेले हसत.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक कागद लिहून दिला होता. घरी येताच त्याने तो न वाचता टराटरा फाडला. पायाचे लाड बंद, म्हणाला. आणि थोड्याच दिवसांत त्याला हा खेळ सुचला.

जिना तेरा पायऱ्यांचा. तो वर खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर पट्टा. तिने खालून पाण्याचा पेला भरून न्यायचा. त्याने तो खिडकीतून ओतून द्यायचा. तिने रिकामा पेला घेऊन पुन्हा उतरायचं. पाणी सांडलं तर पट्टा. नाही सांडलं तरी पट्टा. चढताना ती डावा पाय आधी टाकायची आणि उजवा मागून त्याच पायरीवर ओढायची. उतरताना उजवा आधी. प्रत्येक पायरीला गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखी कळ यायची, आणि ती रडायची. तो मजेत फेऱ्या मोजायचा.

आज तिसऱ्या फेरीला पट्टा पाठीवर बसला. सहाव्या फेरीला बक्कल मानेत घुसलं. कपडे रक्ताने पाठीला चिकटले. नवव्या फेरीला तिने पेला पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतलाच नाही आधी. बुटाच्या टोकाने तिचा उजवा गुडघा चाचपून बघितला.

"सूज उतरली की गं," तो म्हणाला. "उद्या दुसऱ्या गुडघ्याचंही बघू."

असल्या बाबतीत तो शब्दाचा पक्का होता.

मग त्याने पाणी खिडकीतून ओतलं. रिकामा पेला घेऊन ती वळली. पहिली पायरी रोजच्यासारखीच उतरली, कठडा धरून, कण्हत. दुसरीही तशीच. तिसरीला तिने कठडा सोडला. मग एका पायरीवर एक पाय, भराभर, न थांबता. वर खुर्ची पडल्याचा आवाज झाला. शिव्या देत तो मागे धावला. उंबऱ्याशी त्याची बोटं तिच्या बाहीत अडकली आणि बाही टरकन फाटली. तिने वळून स्टीलचा पेला सगळा जोर लावून त्याच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली, रक्त डोळ्यांत ओघळलं, तो आत भेलकांडला. तेवढ्यात तिने दार ओढलं आणि बाहेरून साधी कडी घातली. आतून तो दारावर लाथा मारू लागला. खिडक्यांना गज होते, त्यानेच बसवलेले.

समोर शिंपीणकाकूंचं दुकान होतं. रोज संध्याकाळी तिच्या घरातून आवाज यायला लागले की काकू शिलाईचं मशीन जोरात चालवत, म्हणजे ऐकू यायला नको. आज मशीन थांबलं. काकूंनी तिला आत घेतलं, शटर अर्धं ओढलं, पोलिसांना फोन लावला आणि ओलं फडकं तिच्या हातात दिलं. मग खालमानेने विचारलं, "अगं, त्या पायाने तू धावलीस कशी?"

"बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, काकू. रोज दहा वेळा जिना चढायचा-उतरायचा, तरच पाय जोर धरेल. घरी येता येता मी वाचलं होतं." तिने फडकं गालावर दाबून धरलं. "आपणहून त्याने मला एक पायरी चढू दिली नसती. म्हणून रोज त्याचे पाय धरून सांगायचे, काहीही करा, पण पायऱ्या नकोत."