नोंद घरगुती

कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कामगारांसाठी धुरपताबाई राहत्या घरातच खानावळ चालवायची. एका दुपारी नगरपरिषदेचे कर निरीक्षक ढोबळे टेप घेऊन घर मोजायला आले.

"बाई, हा तर धंदा आहे. व्यावसायिक कर लागन, तिप्पट."

"बसा तं साहेब. पाटोडीचा रस्सा केला आज."

साहेबांनी दोन ताटं रिचवली, हात पुसले आणि कागदावर लिहिलं, 'घरगुती वापर'.

दुसऱ्या दिवशी ते दोन कारकुनांना घेऊन जेवायला आले. मग ड्रायव्हरही येऊ लागला. पैसे कोणीच देईना.

महिन्याभराने धुरपताबाई स्वतःच त्यांच्या कार्यालयात गेली.

"साहेब, माह्यं घर व्यावसायिक लिहून टाका."

"काऊन? कर तिप्पट होईन ना!"

"होऊ द्या जी. तुमच्यापेक्षा सस्ता पडते."