सातशे दहा किलोमीटर

"विमान उडालं का?" आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"अजून नाही, काकू." समन्वयक बाईच्या कानाला फोन तसाच होता. हृदय वेळेत पोचवायची सगळी जबाबदारी तिच्यावर होती. "धावपट्टीवर उभं आहे. ढग दाटलेत म्हणून थांबवलंय."

हृदय छातीतून काढलं की चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं, हे आईला सकाळीच समजावलं होतं. तासाचा काटा केव्हाच फिरायला लागला होता.

शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता. तो मालट्रक चालवायचा. हृदय निघालं ते आणि पोचायचं ते, दोन्ही शहरं त्याच्या पायाखालची.

"रस्त्याने मला चौदा तास लागतात, ताई. विमानाला कसली वळणं? सातशे दहा किलोमीटर, सव्वा तास. दोन्हीकडची गाडी धरून दोन तास. शिवायला एक. तरी तास उरतो."

"आणि हे ढग?"

त्याने खिडकीबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं.

बाबा खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. "माझ्या पोराला चिरू नका," एवढंच ते सकाळी म्हणाले होते. कागदावर सही आईने केली. तेव्हापासून त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. हृदय वाटेतच वाया गेलं, तर ते जन्मात माफ करणार नव्हते. तीही स्वतःला करणार नव्हती.

"तिकडची माणसं कोण आहेत?" तिने विचारलं.

"नाव सांगता येत नाही, काकू. नियम आहे."

शेवटी फोन वाजला. विमान पस्तीस मिनिटं उशिरा उडालं होतं.

भाऊ बोटांवर हिशेब करू लागला. आता फक्त पंचवीस मिनिटं हातात उरत होती. एखादा सिग्नल, एखादी बंद लिफ्ट, की संपलं. आईने पदर तोंडात कोंबला. पुढचा सव्वा तास तिला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचीही भीती वाटत होती.

विमान उतरलं. गाडी निघाली. हृदयाची पेटी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. मग तासभर काहीच कळेना. बाबा खिडकी सोडून तिच्या शेजारी येऊन बसले.

फोन वाजला. समन्वयक बाईने ऐकून घेतलं आणि डोळे पुसले.

"ठोके सुरू झाले, काकू! विजेचा झटका द्यायचीसुद्धा गरज पडली नाही."

आई हमसून हमसून रडू लागली. बाबांनी तिचा हात घट्ट धरला.

"नाव नाही, पण एवढं सांगते," बाई हळूच म्हणाली. "मुलगी आहे. चौदा वर्षांची."

बाबांनी मान हलवली. भाऊ उठला, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, ताई. खाली शववाहिका आलीय. आपल्या पोराला घरी नेऊ."