कप्तानाने वाढलेलं ताट

आमचे हे जहाजावर आचारी होते. तिथल्या एका दिवाळीच्या जेवणाचं छापील कार्ड ह्यांनी फ्रेम करून पडवीत लावलंय. वाचायला शिकल्यावर मी ते पहिल्यांदा वाचलं. पुरी, पुलाव, खीर, आणि सगळ्यात खाली हिंदीत एक ओळ, तिचा अर्थ: आज आचारी बसतील, साहेब वाढतील.

यंदा नौदल दिनाला ह्यांचे तीन जुने सोबती जेवायला आले. कोंबडी-वडे केले होते. मी आणि सूनबाई भाविका सकाळपासून उपाशी. ती वडे थापत होती, मी तळत होते.

"कप्तान स्वतः पुऱ्या वाढत होता हो!" हे डोळे पुसत सांगत होते. "मला म्हणाला, वर्षभर तू उभा असतोस, आज बस. त्याला म्हणतात माणुसकी. अगो, वडे आण गरम!"

बेचाळीस वर्षं मी ह्यांच्या पाहुण्यांना गरम वडे वाढले आणि मागाहून गार खाल्ले. माझं डोकंच फिरलं. झारा ठेवला, ताट घेतलं आणि सरळ ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"आज मी बसत्ये. तुम्ही वाढा."

"बरोबर बोलल्या वहिनी!" सोबती हसले. "ऊठ श्रीपती!"

हेही हसले. "खरंच की. आज तुझा मान."

आणि बसल्या जागेवरून आत हाक मारली, "भाविका, आईंना दोन गरम वडे आण गो!"