चार बोटं माती

काठी चार बोटं वर आली. बांछानिधीने ती गोलच्या खांबाला पुन्हा टेकवून पाहिली. आठ फुटांची बांबूची काठी. कालपर्यंत खांबाच्या टोकाशी बरोबर जुळायची, आज चार बोटं वर. म्हणजे काम फत्ते! पहाटेपासून गंगेकाठची चिकणमाती ओतून, धुम्मस करून, वर हिरवळीचे तुकडे बसवून त्याने गोलतोंडाची, दोन खांबांमधली जमीनच उचलली होती. आता गोलचा आडवा बार खांबांवर चढला की गोलकीपर टुटुलच्या हाताला तो चार बोटं जवळ येणार. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. बांछाने अंगणच उंच केलं.

आज बैशाखाचा पहिला दिवस, बंगाली नववर्ष. कोलकात्याच्या मैदानात फुटबॉलचा हंगाम तारखेने सुरू होत नाही, गोलच्या बारची पूजा करून, बारपूजेने होतो. आणि हा हंगाम साधा नव्हता. त्यांचा बागमारी स्पोर्टिंग क्लब पहिल्यांदाच देशाच्या मोठ्या लीगमध्ये उतरणार होता. कोची, गुवाहाटी, गोवा. बांछा ही नावं ओठातल्या ओठात जपासारखी घोळवायचा आणि प्रत्येक गावाच्या गोलात त्याला टुटुलच उभा दिसायचा.

पण टुटुलचं वय छत्तीस. गेल्या वर्षी तीन चेंडू बारखालून, बोटांच्या वरून गेले. नवे प्रशिक्षक कुरियनसाहेब स्पष्टच बोलले होते, "पूजेनंतर, नऊ वाजता, दहा उंच चेंडू मारीन. सात अडवले तर नाव नोंदवू. नाहीतर नमस्कार."

सोळाव्या वर्षी बसीरहाटहून आलेलं हे पोर वीस वर्षं बांछाच्या हातचा भात खाऊन वाढलेलं. बांछा ओडिशाचा. क्लबचा माळी तोच, स्वयंपाकी तोच, पाय चोळणाराही तोच. पोटच्या पोराला घराबाहेर काढतात तसं त्याला आठवडाभर वाटत होतं.

सूर्य वर आला. गवतावर आडवा ठेवलेला बार चंदनाने, सिंदुराने माखला. पुरोहितांनी संकल्पासाठी कर्णधाराचं नाव विचारलं.

"तुषारकांती माजी," चिटणिसांनी टुटुलचं कागदोपत्री नाव सांगितलं आणि हळूच पुस्ती जोडली, "नऊ वाजेपर्यंत तरी."

लोक हसले. टुटुलही हसला. बांछाला मात्र चिटणिसांच्या डोक्यात नारळ फोडावासा वाटला.

बार खांबांवर चढला. रिवाजाप्रमाणे कर्णधाराने तो पहिल्यांदा शिवायचा. टुटुल चवड्यांवर उभा राहिला, हात उंचावला. दरवर्षी त्याची नुसती बोटं टेकायची. आज अख्खा पंजा बारवर बसला. त्याने सिंदूर लागलेल्या तळव्याकडे पाहिलं, मग पायांखाली पाहिलं, मग बांछाकडे पाहून गोड हसला.

खूश झाला बिचारा! बांछाच्या जिवात जीव आला. तो मैद्याच्या लुच्या तळायला क्लबच्या तंबूमागे गेला आणि पाहुण्यांनी असा काही ताव मारला, की तासभर त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

नऊला थोडा वेळ असताना टुटुल चुलीपाशी आला. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले, बनियन घामाने चिंब.

"अरे, पूजेचा दिवस, आणि हा काय अवतार?"

"माझं घर जरा झाडून आलो, बांछादा. हातावर पाणी घाल."

"बस, दोन लुच्या खा."

"नंतर. पोट जड झालं तर उडणार कसा?"

गोलकीपर सगळे थोडे चक्रमच, गोलतोंड कितीही साफ केलं तरी यांचं समाधान नाही. बांछाने पाणी घातलं आणि झारा हातात तसाच धरून तंबूच्या दाराशी उभा राहिला.

पहिला चेंडू बोटांवरून जाळ्यात. दुसरा जाळ्यात. तिसराही! बांछाने कपाळावर हात मारला. चार बोटांनी काय होतंय, आठ घालायला हवी होती!

मग काय झालं कोण जाणे. दूर कुठेतरी जहाजाचा भोंगा लांबत गेला आणि त्या आवाजात टुटुल उठला. चौथा चेंडू त्याने बारवरून ढकलला. पाचवा, सहावा. मैदानात चरायला सोडलेले घोडे माना वर करून जणू त्याच्याकडेच बघत होते. सातवा, आठवा, नववा. दहाव्याला तो जमिनीवरून सुटला आणि खाली यायचंच विसरला, असं बांछाला वाटलं. तिथे वर सोळा वर्षांचा पोरगा होता, हडकुळा, उपाशी, हसरा. त्याने चेंडू बोटांच्या टोकांनी बारवरून असा सोडला, जसं कुणी पाखरू सोडावं.

"सात," कुरियनसाहेब म्हणाले. "नाव लिहा."

बांछा ढसाढसा रडला. धुराने डोळे चुरचुरतात, असं कुणी न विचारताच सांगत सुटला.

दुपारी मैदान रिकामं झालं. लीगचे लोक मोजमापाला यायच्या आत माती काढायला हवी होती. चोरी ती चोरीच, देवासाठी केली तरी. कुदळ आणि काठी घेऊन तो गोलतोंडाशी बसला. हिरवळीचा एक तुकडा उचलला. खाली ओली चिकणमाती नव्हती. वीस वर्षं टुटुलच्या टाचांनी कुटलेली जुनी, टणक जमीन होती.

त्याने दुसरा तुकडा उचलला. तिसरा उचलला. मग त्याची नजर जाळ्यामागे गेली. तिथे चेंडूंची दोन पोती उभी होती, गच्च भरलेली. एकाच्या तोंडाशी गंगेची माती सांडली होती आणि पोत्यावर सिंदुराचा पंजा उमटला होता.

बांछाने काठी बारखाली लावली. ती जराही तिरकी न होता, बरोबर मापात ताठ उभी राहिली.