सावलीच्या कडा

भादव्यात हैदराबादकडे फौजा निघाल्या, तेव्हा इच्छापूरच्या शेतांवरून लष्कराची विमानं जायची. त्यातलं एक भर दुपारी इतकं खाली आलं, की बांधाजवळ बांबूवर वाळत घातलेलं सोजरबाईचं ओलं लुगडं शेपटीला अडकवून घेऊन गेलं. ती स्वतः दोन हातांच्या अंतरावर उभी होती. वाचली.

दुसऱ्या दिवसापासून त्याच वेळी कपाशीवरून विमानाची सावली जाऊ लागली. वर विमान नसायचं, आवाज नसायचा. सावलीच्या शेपटीला मात्र काहीतरी फडफडत असायचं.

तीन आठवड्यांनी चौकशीला जीपमधून एक अधिकारी आला.

“विमान सुखरूप उतरलं, बाई. शेपटीला लुगडंबिगडं काही नव्हतं,” तो म्हणाला. “चूक वैमानिकाचीच. इतक्या खालून उडताना जमिनीवरच्या आपल्या सावलीकडे बघायचं असतं. पुसट असली तर ठीक. कडा रेखीव दिसल्या, की समजायचं आपण फार खाली आलो. आता सगळ्यांना हेच शिकवतोय.”

सोजरबाईच्या ओच्यातला कापूस खाली सांडला.

“पहिल्या दिवशी धुरासारखी व्हती, साहेब. काल पंखांच्या कडा दिसल्या.”

तो हसला. हसता हसता त्याची नजर बांधाकडे गेली.

सावली येत होती, कात्रीनं कापल्यासारखी. आभाळ स्वच्छ होतं, आणि साहेब मातीत तोंड खुपसून पालथा पडला होता.

सोजरबाईला हलताच आलं नाही. कानाशी वारासुद्धा वाजला नाही.

फक्त तिच्या गालावरून लुगड्याचा काठ फिरला. तो अजून ओला होता.